बर्फात तापणारी गाडी

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



गुलमर्गला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. भाड्याचे गमबूट आणि भाड्याचा कोट घातलेले आजोबा, एका विचित्र स्कूटरवर ऐटीत बसलेले. स्कूटरला पुढं चाकाऐवजी दोन स्की असतात आणि मागं रुंद रबरी पट्टा. गुलमर्गमध्ये तिला स्नो स्कूटर म्हणतात, बाकीच्या जगात स्नोमोबाइल. आज मी तुम्हाला या गाडीच्या एका दुखण्याविषयी सांगणार आहे. हे दुखणं ऐकून कुणालाही हसू येईल. ही गाडी चारही बाजूंनी बर्फानं वेढलेली असताना, हवा उणे वीस अंश असताना, चक्क तापते. इतकी तापते, की इंजिन बंद पडतं.

आपल्याकडं मे महिन्यात घाटात बॉनेट उघडून उभा असलेला ट्रक आपण पाहिलेला असतो. तिथं कारण समोर दिसतं. ऊन असतं, चढ असतो, गाडीत माल भरलेला असतो. पण उणे वीस अंशांत इंजिन का उकळावं? याचं उत्तर समजलं, तर गाडी दुरुस्त कशी करायची तेही समजतं. आणि तेवढं नाही समजलं, तर माणूस एकामागून एक महागडे सुटे भाग बदलत राहतो आणि गाडी तापतच राहते.

सुरुवात थोड्या इतिहासानं करू. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात व्हालकूर नावाचं गाव आहे. तिथं जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक तरुण मेकॅनिक गॅरेज चालवत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजारानं गेला. रस्ते बर्फानं बंद होते आणि मुलाला इस्पितळापर्यंत नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बोंबार्डिए आधीपासून करत होता. त्यानं ते सोडले नाहीत. १९३७ मध्ये त्याच्या पट्ट्याच्या यंत्रणेला पेटंट मिळालं. पहिल्या गाड्या मोठ्या होत्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांची ने-आण त्यांतून होऊ लागली. एकदोघांनी बसायची छोटी, हलकी 'स्की-डू' ही गाडी १९५९ मध्ये आली. पुढं उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी आणि स्कँडिनेव्हियातल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी ती आपलीशी केली. तेव्हा ही गाडी केवळ हौसेची नाही, हे आधी लक्षात घ्या.

बर्फ हाच रेडिएटर

आता गाडीच्या पोटात शिरू. आपल्या मोटारीत इंजिनाभोवती फिरून गरम झालेलं पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, आणि वारा त्याला थंड करतो. बहुतेक ताकदवान स्नोमोबाइलमध्ये अशी मोठी जाळी नसतेच. तिच्यात पट्ट्याच्या वर, सीटच्या खाली, ॲल्युमिनियमचं एक लांबलचक छत असतं. त्याला टनेल म्हणतात. या छताला आतून ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या बसवलेल्या असतात आणि इंजिनाचं गरम कूलंट त्यांतून फिरतं. खाली रबरी पट्टा वेगानं धावत असतो. तो बर्फ उडवतो, तो बर्फ या पट्ट्यांवर आदळतो, वितळतो आणि वितळताना उष्णता घेऊन जातो.

इथं शाळेतली एक गोष्ट आठवा. शून्य अंशांचा एक किलो बर्फ वितळवून शून्य अंशांचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. त्याउलट एक किलो हवा तीस अंशांनी तापली, तरी ती जेमतेम ३० किलोज्यूल उष्णता नेते. म्हणजे बर्फाची भूक अकरा पट. शिवाय एक किलो बर्फ परातीत मावतो. एक किलो हवेला मात्र पाऊण घनमीटर जागा लागते. म्हणूनच या गाडीच्या रचनाकारांनी हवेवर न विसंबता बर्फावर भिस्त ठेवली.

हिशेब करून बघू. समजा, जोरात चाललेलं इंजिन कूलंटमध्ये ६० किलोवॅट उष्णता सोडतंय. ती सगळी बर्फ वितळवून काढायची, तर दर सेकंदाला सुमारे १८० ग्रॅम बर्फ वितळला पाहिजे. मिनिटाला जवळजवळ ११ किलो. ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या पिंपाहून जास्त. एवढा बर्फ दर मिनिटाला त्या छतापर्यंत पोचला पाहिजे, केवळ आसपास असून भागत नाही.

आता आपल्या कोड्याचं उत्तर मिळालं. भुसभुशीत बर्फात पट्टा ढिगांनी बर्फ उडवतो आणि गाडी थंड राहते. पण कडक थंडीच्या सकाळी, यंत्रानं दाबून सपाट केलेल्या वाटेवर, बर्फ फरशीसारखा टणक झालेला असतो. पट्टा त्यावरून नुसता पळतो, छतापर्यंत काहीच पोचत नाही. बाहेर उणे वीस असले तरी इंजिनाच्या दृष्टीनं तो दुष्काळच. समुद्रात राहून तहानलेला म्हणतात, तसं.

टर्बोचं देणं आणि घेणं

डोंगरात या गाडीपुढं आणखी एक अडचण येते. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब सपाटीच्या सत्तर टक्के उरतो. सपाटीवर १६५ अश्वशक्ती देणारं इंजिन तिथं साधारण ११५ वर येतं. छातीएवढ्या बर्फात चढ चढताना ही तूट फार जाणवते. यावरचा उपाय म्हणजे टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबायची आणि ती इंजिनात कोंबायची. ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याची, १९०५ सालच्या पेटंटमधली. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्यानं विमानाचं एक इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेलं आणि टर्बोमुळं विरळ हवेतही सपाटीवरची ताकद मिळते हे दाखवून दिलं. स्नोमोबाइलवाल्यांनी गॅरेजमध्ये टर्बो बसवायला बऱ्याच आधी सुरुवात केली होती. टू-स्ट्रोक इंजिनाला कारखान्यातूनच टर्बो लावलेली पहिली गाडी मात्र स्की-डूच्या २०२० च्या मॉडेलमध्ये आली.

टर्बो ताकद देतो, पण तिची किंमत वसूल करतो. ही किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली कूलंटमध्ये. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त उष्णता. त्यात डोंगरी गाड्यांमध्ये वजन वाचवण्यासाठी थंड करणाऱ्या पट्ट्या मुळातच आखूड ठेवलेल्या असतात. भुसभुशीत बर्फात त्या पुरतात. टणक वाटेवर त्या आधीच काठावर असतात. वर कुणी टर्बो बसवून ताकद दीडपट केली, की तोल जातो.

दुसरी किंमत आत जाणाऱ्या हवेत. सायकलच्या पंपाची नळी हवा भरताना गरम होते हे आपण लहानपणी अनुभवलेलं असतं. तोच नियम इथं. तीन हजार मीटरवर सपाटीचा दाब परत मिळवायला हवा जवळजवळ दीडपट दाबावी लागते. उणे दहा अंशांची हवा तेवढी दाबली, की टर्बोतून बाहेर पडताना ती चाळीस अंशांच्या घरात जाते. अशी गरम हवा इंजिनात गेली की पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा, मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ठोकण्याचा, धोका वाढतो. ठोकणारं इंजिन आतून भराभर तापतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पाडू शकतं. म्हणून अनेक गाड्यांत वाटेत इंटरकूलर बसवतात, म्हणजे हवेसाठीची एक वेगळी जाळी.

तिसरी किंमत बॉनेटखाली. टर्बोचं धुराकडचं घर जोरात चालताना लालबुंद होऊ शकतं. त्याची धग शेजारच्या वायरी, पेट्रोलच्या नळ्या आणि गाडी ओढणारा रबरी बेल्ट यांना लागते. बॉनेटवरच्या हवेच्या जाळ्या बर्फानं बुजल्या, तर आत भट्टीच तयार होते.

दुखणं कुठं आहे?

मी सारी हयात इंजिनांच्या कार्यशाळेत शिकवण्यात घालवली, पण स्नोमोबाइलला हात लावण्याची वेळ निवृत्तीनंतर आली. माझा पुतण्या अमेरिकेत मोंटाना राज्यात असतो. एका मार्चमध्ये मी त्याच्याकडं गेलो होतो. त्यानं जुनी डोंगरी गाडी विकत घेतली होती. आधीच्या मालकानं तिला बाहेरून टर्बो बसवून घेतला होता. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही आलात ते बरं झालं. पंधरा मिनिटांत लाल दिवा लागतो. कुणी म्हणतं मोठा कूलर बसव, कुणी म्हणतं थर्मोस्टॅट काढून टाक. मी काय करू?"

मी म्हटलं, "आधी काहीच करू नकोस. दिवा कधी लागतो, ते सांग."

श्रोतेहो, सगळी मेख या 'कधी'त आहे. डॉक्टर जसा आधी ताप कधी येतो ते विचारतो, तसं. फक्त टणक वाटेवर दिवा लागत असेल, तर दोष बाहेरचा, म्हणजे बर्फ पोचत नाही. भुसभुशीत बर्फातही लागत असेल, तर दोष आतला, म्हणजे कूलंट फिरत नाही. फक्त पूर्ण जोर दिल्यावरच काटा चढत असेल, तर हेड गॅस्केटवर, पेट्रोलच्या मिश्रणावर किंवा इंटरकूलरवर संशय घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी बाहेर काढली. टणक वाटेवर काटा सरसर चढला. दिवा लागायच्या आतच पुतण्यानं गाडी कडेच्या मऊ बर्फात घातली. काटा खाली आला, पण पूर्वी जिथं असायचा तिथपर्यंत आला नाही. याचा अर्थ दोष एक नव्हता, दोन होते. दोन दोष एकत्र नांदत असले की माणूस चकतो, कारण एक काढला तरी दुखणं राहतं आणि आपला उपायच चुकला असं त्याला वाटतं.

घरी येऊन इंजिन चालू ठेवलं. इंजिन गरम झाल्यावर टनेलवरच्या पट्ट्यांना बाहेरून हात लावत मागं गेलो. पुढं चांगल्या गरम, मागं एक बाजू थंडगार. गरम कूलंट तिथं पोचतच नव्हतं. अशा वेळी तीन शक्यता असतात. पाण्याचा पंप कमजोर, थर्मोस्टॅट अडकलेला, किंवा नळ्यांत हवा धरलेली.

थर्मोस्टॅट तपासायला स्वयंपाकघर पुरतं. तो काढून गॅसवरच्या पातेल्यात पाण्यात सोडायचा आणि पाणी तापवायचं. त्यावर छापलेल्या तापमानाजवळ झडप उघडली, तर तो ठीक. आमचा ठीक होता. तो काढून फेकण्याचा सल्ला मात्र मी पाळू दिला नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरम होत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन लवकर तापून फुगतो आणि भोवतीचा सिलिंडर थंड, आकसलेलाच राहतो. मग पिस्टन आतल्या आत घासून जाम होतो. तापू नये म्हणून केलेला उपाय इंजिन थंडीनं मारतो.

राहिली हवा. टर्बो बसवताना कूलंट काढून पुन्हा भरलेलं असणार, पण नळ्यांतली हवा पूर्ण काढलेली नव्हती. उपाय साधा आहे. थंड इंजिनावर, भरण्याचं तोंड सगळ्यांत उंच राहील अशा बेतानं गाडी एका बाजूनं उचलायची, हवा काढायचे स्क्रू असतील ते सैल करायचे, हळूहळू कूलंट भरत राहायचं. बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. आमचे दहा मिनिटांत थांबले. ते थांबलेच नसते, इंजिन चालू असताना टाकीत सतत येत राहिले असते, तर गोष्ट गंभीर होती. टर्बोच्या दाबानं हेड किंचित उचललं जातं आणि आतला वायू कूलंटमध्ये घुसतो. तिथं कितीही मोठा कूलर बसवला तरी व्यर्थ. हेड उघडून गॅस्केट बदलणं आणि टर्बोचा दाब कमी करणं, हाच मार्ग.

कूलंटबद्दल एक गंमत सांगतो. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं निम्मं घेतलं, तर ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. म्हणून काही उत्साही मंडळी शुद्ध ग्लायकॉलच भरतात. पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. जास्त औषध म्हणजे जास्त गुण नव्हे. तसंच टाकीचं झाकण. तीन हजार मीटरवर साधं पाणी नव्वद अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं असेल, तर चांगली गाडीही उकळते.

दुसरा दोष बाहेर होता, आणि तो डोळ्यांसमोर होता. या गाड्यांना मागच्या पट्ट्याजवळ दोन लवचिक पोलादी तारा बसवता येतात. त्यांना स्क्रॅचर म्हणतात. त्या टणक बर्फावर घासत जातात, चुरा उडवतात, आणि तो चुरा पट्ट्याबरोबर वर छतापर्यंत जातो. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या धावांवरून सरकतो, त्यांनाही हाच चुरा ओलावा देतो. नाही तर त्या घर्षणानं वितळतात. जुन्या पद्धतीच्या तारा गाडी मागं घेताना वाकतात, म्हणून आधीच्या मालकानं त्या काढूनच टाकल्या होत्या. एवढ्याशा कंटाळ्यापायी गाडीनं आपला रेडिएटरच गमावला होता. आम्ही मागं घेताना न मोडणारी नवी जोडी बसवली. तिसऱ्या दिवशी त्याच वाटेवर, उणे अठरा अंशांत, काटा मध्यावर येऊन थांबला. मोठा कूलर विकत घ्यावाच लागला नाही.

पेट्रोलचं मिश्रण आणि इंटरकूलरही आम्ही पाहून घेतले. टर्बोच्या गाडीत उत्पादकानं सांगितलेल्या ऑक्टेनचंच पेट्रोल हवं. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन आतून जळतं आणि कूलंटचा काटा ते फार उशिरा सांगतो. इंटरकूलरची जाळी बर्फानं किंवा तेलकट मळानं बुजलेली नको. पाइपांचे जोड फुंकत नाहीत ना, तेही बघायचं.

वाटेत दिवा लागला तर

आता चालवणाऱ्यासाठी चार शब्द. टणक वाटेनं जाताना अधूनमधून कडेच्या मऊ बर्फात गाडी घालावी, पण झाडं आणि बुजलेले दगड पाहून. लाल दिवा लागलाच, तर थांबून इंजिन बंद करावं, टनेलवर आणि पट्ट्यावर हातानं बर्फ टाकावा आणि धीर धरावा. तापलेल्या टाकीचं झाकण उघडू नये. आत दाब असतो, कूलंट उसळून तोंडावर येतं. एरवी, दिवा नसताना, लांब चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर हळू चालू ठेवावं. टर्बोच्या दांड्याभोवतीचं तेल त्यामुळं जळत नाही. बॉनेटच्या जाळ्यांवरचा बर्फ झटकावा. आणि एकट्यानं कधीच जाऊ नये.

हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. मोंटानात कुक सिटी नावाचं छोटं गाव आहे, २,३०० मीटर उंचीवर. हिवाळ्यात पूर्वेकडचा डोंगरी रस्ता बर्फाखाली जातो आणि यलोस्टोनच्या बाजूनं येणाऱ्या मोटारींना ते गाव म्हणजे रस्त्याचं टोक होतं. त्याच्या पुढं फक्त स्नोमोबाइल जातात. तिथं दऱ्याखोऱ्यांत मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही. ज्या खोल, मऊ बर्फात गाडी मजेत तरंगते, त्यात माणूस पायी कमरेपर्यंत रुततो. गाडीनं अर्ध्या तासात कापलेलं अंतर पायी कापायला दिवस जातो, आणि सूर्य डोंगराआड गेला की थंडी वाढत जाते. तापलेलं इंजिन आणि गारठलेला माणूस, यांच्यात एवढंच अंतर असतं.

म्हणून मी पुतण्याला जे सांगितलं, तेच आपल्याला सांगतो. तापणं हा रोग नाही, ते लक्षण आहे. उष्णता कुठं तयार होते, कुठल्या वाटेनं जाते आणि कुठं अडते, हा जमाखर्च एकदा मांडा. अडलेली जागा सापडली की उपाय बहुधा स्वस्त निघतो. हे स्नोमोबाइलला जसं लागू आहे, तसं आपल्या ट्रॅक्टरला, शेतातल्या डिझेल इंजिनाला आणि घाटात धापा टाकणाऱ्या ट्रकलाही.

व्हालकूरच्या त्या मेकॅनिकच्या घरासमोर १९३४ च्या हिवाळ्यात वाट नव्हती. त्याची गाडी जन्माला आली ती कुणी तरी वेळेवर पोचावं म्हणून. गाडी तापू न देणं म्हणजे पोचण्याची ती हमी राखणं.